शिळी प्रत, ताजा शिक्का

शिळफाटा नावाची दोन ठिकाणे मुंबईच्या परिसरात आहेत. एक ठाणे जिल्ह्यात, कल्याणकडून येणारा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो तिथे. दुसरे रायगडात, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत, जिथे पेणकडून आलेला रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो आणि पुढे बोरघाट लागतो. रिक्षावाल्याला नुसते शिळफाटा म्हणून भागत नाही, कुठला ते सांगावे लागते. नाव वेगळे आणि जागा वेगळी, आणि नावावरून जागेपर्यंत पोचायचे तर मध्ये कुठली तरी यादी लागते. संगणकातली डिरेक्टरी ही तशी यादी आहे. तिला फोल्डर म्हटले की कागद भरलेली पिशवी डोळ्यांपुढे येते, पण त्या पिशवीत फाइल नसतेच. तिथे असते नाव, आणि नावापुढे एक क्रमांक. तो क्रमांक घेऊन प्रणाली खऱ्या फाइलपर्यंत जाते. दोन फोल्डरांत एकच नाव दोन वेगळ्या फायलींना असू शकते, आणि फाइल जागची हलली नाही तरी तिचे नाव एका यादीतून निघून दुसऱ्या यादीत जाऊ शकते. खोपोलीच्या वाट्याला हे रेल्वेच्या बाबतीत येऊन गेले आहे. 1856 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे इथपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. 1863 मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग सुरू झाला तो कर्जतकडून, आणि खोपोली एका फाट्यावरचे शेवटचे स्टेशन झाली. गाव तिथेच राहिले, फक्त पुण्याच्या वाटेवरच्या स्टेशनांच्या यादीतून त्याचे नाव गेले. ज्याच्या खिशात जुने वेळापत्रक होते त्याला हे कोण सांगणार?

या लेखाचा विषय तेच खिशातले वेळापत्रक आहे. नेटवर्क फाइल प्रणालीत फायली एका संगणकावर असतात आणि त्या वापरणारे संगणक दुसरीकडे. पहिल्याला सर्व्हर म्हणतात, दुसऱ्याला क्लायंट. क्लायंट दर वेळी सर्व्हरला विचारत बसत नाही. एकदा मिळालेली यादी तो हाताशी ठेवतो आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर त्या प्रतीवरून देतो. याला संगणकाच्या व्यवहारात कॅशे म्हणतात. सर्व्हरवरची यादी बदलली आणि हातातली प्रत तशीच राहिली, की ती प्रत शिळी झाली. इथे मराठी शब्द फार नेमका आहे. शिळी भाकरी म्हणजे खोटी भाकरी नव्हे. ती काल ताजी होती, आणि शिळी आहे हे माहीत असेल तर तिचे काय करायचे हे कुठल्याही घरात ठाऊक असते. पोट बिघडते ते शिळ्याला ताजे समजून खाल्ले की. डिरेक्टरीच्या कॅशेत सापडलेल्या चुकांच्या मुळाशी मला बहुतेक वेळा हेच दिसते. प्रत जुनी असणे हा दोष नाही, कारण प्रत म्हटली की ती जुनी होणारच. दोष आहे तो प्रतीवर तिच्या खऱ्या वयापेक्षा कमी वयाचा शिक्का पडणे. या चुकांची योग्य दुरुस्तीही एकाच दिशेने जाते असे मी म्हणेन: शंका असेल तिथे प्रतीचे वय वाढवून लिहावे, घटवून कधीही लिहू नये.

प्रत ठेवायचीच कशाला, हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. शिळ्याची भीती असेल तर रोज ताजे करावे. लिनक्सच्या एन.एफ.एस. (नेटवर्क फाइल सिस्टम) क्लायंटमध्ये तशी सोयही आहे: `नोॲक` हा पर्याय दिला की फायलींची माहिती हाताशी ठेवणे बंद होते, आणि `लुकअपकॅशे=नन` दिला की नावांच्या उत्तरांवर विसंबणेही बंद होते. पण त्याची किंमत मोजून पाहावी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे अंतर 150 किलोमीटर धरले तर प्रश्न जाऊन उत्तर येण्याचा प्रवास 300 किलोमीटरचा, म्हणजे दीड मिलिसेकंद. मधल्या यंत्रांना लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. एका फोल्डरमध्ये 10,000 नावे असली आणि प्रत्येक नावासाठी वेगळा प्रश्न पाठवावा लागला, तर नुसत्या जाण्यायेण्यात 15 सेकंद गेले. एकाच इमारतीतल्या दोन यंत्रांत हा वेळ बराच कमी होतो, पण मोठे सॉफ्टवेअर बांधताना नावे शोधण्याचे काम लाखो वेळा होते आणि तिथे तोही साचतो. याहून मोठी अडचण वेगळीच आहे. प्रत ठेवली नाही तरी शिळेपण टळत नाही. उत्तर सर्व्हरवरून निघाले त्या क्षणी खरे होते. ते आपल्यापर्यंत पोचेपर्यंत यादी बदललेली असू शकते. खंडाळ्याहून "गाडी आत्ताच सुटली" असे फोनवर ऐकणाऱ्या शिळफाट्यावरच्या माणसाला गाडीची आत्ताची जागा कळत नाही, ती सुटली एवढेच कळते. कॅशे बंद करण्याने वय कमी होते, शून्य होत नाही. म्हणून वयाचा हिशेब ठेवावाच लागतो.

सन मायक्रोसिस्टम्सने एन.एफ.एस. 1985 च्या सुमारास जगापुढे आणली. या प्रणालीचा सर्व्हर मुद्दाम विसराळू ठेवला होता. कुठल्या क्लायंटकडे कशाची प्रत आहे हे तो लक्षात ठेवत नसे. त्याचा मोठा फायदा असा की सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी काही बिघडत नसे, क्लायंटने तोच प्रश्न पुन्हा विचारला की काम पुढे चाले. पण ज्याला प्रती कोणाकडे आहेत हेच ठाऊक नाही, तो यादी बदलल्यावर कळवणार कोणाला? चौकशीची जबाबदारी म्हणून क्लायंटवर आली. त्याने ठरावीक वेळाने डिरेक्टरीच्या शेवटच्या बदलाची वेळ विचारायची आणि ती आपल्या प्रतीवरच्या वेळेशी जुळते का पाहायचे. लिनक्समध्ये हा काळ डिरेक्टरीसाठी कमीत कमी 30 आणि जास्तीत जास्त 60 सेकंद असतो, साध्या फायलींसाठी 3 ते 60. ही नेहमीची मुभा आहे, वापरणारा ती बदलू शकतो.

त्यावर दुसरा आक्षेप येतो: अर्ध्या मिनिटाच्या शिळेपणाने कोणाचे काय बिघडते? फोल्डर उघडून बसलेल्या माणसाचे फारसे बिघडत नाही. यंत्रे एकमेकांसाठी फायली ठेवतात तिथे बिघडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत 2018 मध्ये 'प्रत्यूष' आणि 2024 मध्ये 'अर्क' हे महासंगणक आले, त्याच वर्षी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी 'परम रुद्र' आला. असल्या यंत्रांत मोठ्या विदेसाठी वेगळ्या, कुलपांवर चालणाऱ्या फाइल प्रणाली असतात. पण जगभरच्या लहानमोठ्या संगणक-समूहांत वापरणाऱ्यांच्या होम डिरेक्टऱ्या एन.एफ.एस.वरच ठेवण्याची रीत आहे, आणि तिथे कामाची साखळी पुष्कळदा फायलींच्या नावांनी जोडलेली असते. एका कामाने निकालाची फाइल लिहिली, ती दिसली की दुसरे काम सुरू. दुसऱ्याला "नाही" असे उत्तर मिळाले तर ते थांबते, किंवा चूक झाली असे समजून मरते, किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे फाइल नाहीच असे मानून कामाला लागते. हे "नाही" फार महत्त्वाचे आहे. क्लायंट सापडलेल्या नावांसारखीच न सापडलेल्या नावांचीही नोंद हाताशी ठेवतो, कारण प्रोग्रॅम एकच फाइल चार-पाच जागी शोधत फिरतात आणि बहुतेक जागी ती नसते. शिळ्या "आहे"वर विसंबलेला माणूस फाइल उघडायला गेला की सर्व्हर त्याला अडवतो. "फाइल हँडल शिळे झाले" हा एन.एफ.एस.चा प्रसिद्ध निरोप तिथूनच येतो. शिळ्या "नाही"वर विसंबणारा सर्व्हरपर्यंत जातच नाही, मग त्याला अडवणार कोण? म्हणूनच `लुकअपकॅशे=पॉझिटिव्ह` असा तिसरा पर्यायही आहे, ज्यात "आहे" जपले जाते आणि "नाही" दर वेळी नव्याने विचारले जाते.

तरीही ही सगळी चर्चा अर्ध्या-एका मिनिटात आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्याची झाली. खरी चूक वेगळ्या जातीची असते. तिच्यात साठ सेकंद उलटतात, क्लायंट प्रामाणिकपणे सर्व्हरला विचारतो, खूण जुळते, आणि शिळी प्रत ताजी ठरून पुढे चालू राहते. त्या डिरेक्टरीत पुन्हा काही बदल होईपर्यंत ती तशीच राहते. हे कसे घडते ते समजायला कर्जत-खालापूर हा भाग मोठा सोयीचा आहे, कारण शेतघरांच्या आणि बंगल्यांच्या जमिनींच्या व्यवहारांमुळे सातबाऱ्याची प्रत हाताळणे हा इथला रोजचा उद्योग आहे. 2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा त्यात "शेवटचा फेरफार क्रमांक" आणि त्याचा दिनांक दाखवण्याची सोय आली, "प्रलंबित फेरफार"साठीही जागा आली. ही सुधारणा फार शहाणपणाची आहे. हातातल्या उताऱ्यावर फेरफार 812 असेल आणि तलाठ्याकडच्या नोंदीतही शेवटचा 812 असेल, तर मधल्या काळात काही बदललेले नाही. उतारा कधी छापला हे पाहायची गरजच उरत नाही. आता समजा, खरेदीदाराने माणूस पाठवून उतारा मागवला. उतारा 812 वर असताना निघाला. माणूस वाटेत असताना 813 मंजूर झाला, आणि तो क्रमांक खरेदीदाराला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आधीच कळला. मग माणूस उतारा घेऊन पोचला. खरेदीदाराने तो न वाचता फायलीत लावला आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले: "813 पर्यंत तपासले." आता तो वर्षभर दर आठवड्याला फोन करून शेवटचा क्रमांक विचारत राहिला तरी उत्तर 813 च येणार, आणि फायलीवरही 813 च असणार. तपासणी चोख, पण फायलीतला कागद 812 चा.

लिनक्सच्या एन.एफ.एस. क्लायंटमध्ये नेमके हे घडू शकत होते. नावाची चौकशी सर्व्हरकडे गेलेली असताना त्याच यंत्रावरचे दुसरे काम त्याच डिरेक्टरीबद्दल वेगळा प्रश्न विचारत असते, आणि बदलाचा नवा क्रमांक त्या दुसऱ्या वाटेने आधी येऊन पोचतो. मागून आलेल्या पहिल्या उत्तरावर शिक्का मारताना क्लायंट त्या वेळी हाताशी असलेला क्रमांक घेई. तो नवा असे, उत्तर मात्र जुने. 2020 च्या सुरुवातीला या क्लायंटची देखभाल करणाऱ्या ट्रॉन्ड मायक्लेबुस्ट यांनी यावर दुरुस्ती केली. तिचे तत्त्व एका वाक्यात मावते: डिरेक्टरीच्या बदलाचा क्रमांक प्रश्न पाठवण्याआधी टिपून ठेवायचा, आणि उत्तर आले की त्यावर तो जुना क्रमांक लिहायचा. नाव शोधताना हा नियम पाळायचा आणि पूर्ण यादी वाचतानाही. खरेदीदाराने माणूस पाठवण्याआधीच फायलीवर 812 लिहून ठेवावा तसे. माणूस तलाठ्याकडे पोचण्याआधीच 813 झाला असेल तर उतारा नवा येईल आणि त्यावर शिक्का जुना पडेल. मग पुढच्या तपासणीत क्रमांक जुळणार नाहीत आणि एक खेप वाया जाईल. एवढेच नुकसान. उलट दिशेच्या चुकीत नुकसानाला मर्यादा नाही. दुरुस्तीसाठी नवा नियम शोधावा लागला नाही, क्रमांक टिपण्याची वेळ तेवढी बदलावी लागली. असल्या दुरुस्त्या मला नव्या सोयींपेक्षा अधिक मोलाच्या वाटतात, कारण त्या करण्यासाठी कुणाला तरी प्रत्येक उत्तराच्या प्रवासाची कल्पना मिनिटागणिक करावी लागते. आणि ही चूक यंत्रावर हट्टाने पुन्हा घडवून दाखवणे फार कठीण, कारण ती दोन निरोपांच्या पोचण्याच्या क्रमावर अवलंबून असते.

क्रमांक आणि वेळ यांतला फरकही इथेच पाहायला हवा. एन.एफ.एस.च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे 1995 च्या मसुद्यातही, क्लायंटला डिरेक्टरीच्या बदलाची खूण म्हणून वेळच मिळत असे. वेळ ही खूण म्हणून कच्ची आहे. लिनक्सच्या जुन्या एक्स्ट-3 या फाइल प्रणालीत वेळ पूर्ण सेकंदांतच लिहिली जाई. एकाच सेकंदात एक नाव जोडले गेले, मध्ये क्लायंटने यादी वाचली, आणि मग दुसरे नाव जोडले गेले, तर दोन्ही बदलांचा शिक्का एकच. क्लायंटला दुसरा बदल कधीच कळत नाही. नंतरच्या प्रणालींनी नॅनोसेकंद लिहायची जागा दिली, पण कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपले घड्याळ काही मिलिसेकंदांनीच पुढे सरकवत असल्याने ती जागा बहुतांशी शोभेची राहिली. चौथ्या आवृत्तीने, जी 2000 ते 2003 च्या दरम्यान आकाराला आली, डिरेक्टरीला बदलाचा स्वतंत्र क्रमांक दिला. शिवाय क्लायंटने स्वतः नाव जोडले वा काढले, तर सर्व्हर बदलापूर्वीचा आणि बदलानंतरचा असे दोन्ही क्रमांक परत देतो, आणि त्या दोहोंमध्ये दुसरा कुणी घुसला नव्हता याची खात्री आहे की नाही हेही सांगतो. पूर्वीचा क्रमांक आपल्याशी जुळला तर आपली प्रत सुधारून ठेवता येते. नाही जुळला तर मध्ये कुणी तरी येऊन गेले, प्रत टाकून द्यावी. फेरफाराच्या नोंदवहीइतकीच ही रीत सरळ आहे, आणि तिला यायला पंधरा वर्षे लागली याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त. क्लायंटने विचारत बसण्याऐवजी सर्व्हरनेच कळवावे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँड्र्यू फाइल प्रणालीने 1980 च्या दशकात हेच केले: प्रत देताना सर्व्हर वचन देई की बदल झाला तर मी सांगेन. भारतातल्या एकेरी लोहमार्गांवर दीर्घकाळ चाललेली नीलच्या गोळ्याची पद्धत याच कुळातली. गोळा हातात आहे तोवर पुढच्या पट्ट्यात दुसरी गाडी येणार नाही, ड्रायव्हरला चौकशी करावी लागत नाही. विंडोजच्या जगातल्या एस.एम.बी. प्रणालीत डिरेक्टरीसाठी अशी भाडेपट्ट्यासारखी मुदत आहे, आणि एन.एफ.एस.च्या 4.1 आवृत्तीच्या 2010 मधल्या मसुद्यातही डिरेक्टरीची सुपूर्दगी लिहिलेली आहे. मसुद्यात आली तरी लिनक्समध्ये ती कित्येक वर्षे उतरली नाही, आणि त्याचे कारण आळस नव्हे. वचन देणाऱ्याला ते लक्षात ठेवावे लागते, म्हणजे विसराळूपणाचा फायदा जातो. सर्व्हर कोसळला, तार तुटली, क्लायंट झोपी गेला, तर वचनाचे काय, हे सगळे ठरवावे लागते. गोळा ड्रायव्हरच्या हातात प्रत्यक्ष असतो, नेटवर्कवरचे वचन मात्र ऐकलेले असते. लिनक्सच्या एस.एम.बी. क्लायंटने डिरेक्टरीच्या प्रती मुदतीच्या भरवशावर जपायला घेतल्या तेव्हा 2024 मध्ये वेगळीच चूक निस्तरावी लागली: जपलेल्या डिरेक्टऱ्यांवरची पकड वेळेत सुटत नसे आणि सामायिक फोल्डर काढून घेताना कर्नेल "अजून वापरात आहे" म्हणून ओरडे. म्हणजे वचनाच्या पद्धतीतही प्रश्न वयाचाच येतो. मुदत केव्हापासून मोजायची? सर्व्हरने दिली तेव्हापासून, की क्लायंटला मिळाली तेव्हापासून? शहाणा क्लायंट मागणी पाठवली तेव्हापासून मोजतो. कारण तेच.

पूर्ण यादी वाचण्याबद्दल थोडक्यात. मोठी डिरेक्टरी एका उत्तरात मावत नाही, ती हप्त्यांनी येते. प्रत्येक नावापुढे एक खूण असते आणि पुढचा हप्ता त्या खुणेपासून मागितला जातो. वाचन चालू असताना यादी बदलली, तर आधीची पाने टाकून पहिल्यापासून सुरू करणे हा कडक मार्ग. पण सतत बदलणाऱ्या मोठ्या फोल्डरमध्ये त्याने वाचन पुन्हा पुन्हा मागे जाते. 2022 मध्ये लिनक्सच्या 5.18 आवृत्तीत या भागाची मोठी डागडुजी झाली. इथे माझ्या नियमाला मर्यादा येते हे मान्य करायला हवे. वय वाढवून लिहिण्याची सवय टोकाला नेली तर कुठलीच यादी पुरी होणार नाही. जो हप्ता वाचून झाला तो जुना आहे हे लिहून ठेवून पुढे जाणे, हाच तिथला व्यवहार्य मार्ग. जुना आहे हे लिहून ठेवणे मात्र तिथेही सुटत नाही.

वेळेच्या शिक्क्याचे काम अजून संपलेले नाही. एकाच टोल्यात दोन बदल होण्याच्या अडचणीवर लिनक्सवर काम करणाऱ्या जेफ लेटन यांनी एक नेटका उपाय मांडला: एरवी घड्याळ जाडेभरडेच वाचायचे, पण आधीचा शिक्का कुणी येऊन पाहून गेले असेल, तर पुढच्या बदलावर बारीक वेळ घालायची. कुणी पाहिलेच नसेल तर दोन बदलांत फरक दाखवण्याची गरज नाही, मग खर्च कशाला? 2023 मध्ये हा बदल लिनक्सच्या 6.6 आवृत्तीत जाता जाता मागे घ्यावा लागला, कारण एका फाइलला बारीक आणि दुसरीला जाड शिक्का मिळाला की नंतर बदललेली फाइल आधीची दिसू लागे. ती खोड काढून जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 6.13 आवृत्तीत तो पुन्हा दाखल झाला. पण लिनक्स नवे झाले तरी सगळे सर्व्हर नवे होत नाहीत. एखाद्या महाविद्यालयाच्या कोपऱ्यातल्या खोलीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्र एन.एफ.एस.च्या तिसऱ्या आवृत्तीवर चालू असते, आणि त्याला जोडलेल्या क्लायंटला समोरचे घड्याळ किती जाड आहे हे सांगणारे कोणी नसते. त्या क्लायंटने डिरेक्टरीची वेळ वाचली, ती सर्व्हरच्या आत्ताच्या क्षणाच्या अगदी लगतची निघाली, तर ती प्रत वापरावी पण जपू नये. पुढच्या खेपेला पुन्हा विचारावे, आणि शिक्का तोवर कोराच ठेवावा.